समुद्री शेवाळाचं कृत्रिम पातं: कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत करायची कृती

गुऱ्हाळात रस उकळायला लागला की भेंडीचा चिकट रस घालतात आणि मळी वर येते. समुद्रातल्या तपकिरी शेवाळाकडेही असाच एक चिकट पदार्थ असतो, अल्जिनेट. त्याची खुबी मात्र वेगळी. कॅल्शियम भेटलं की अल्जिनेटच्या पातळ द्रावणाची क्षणात जेली होते, आणि ती उकळत्या पाण्यातही वितळत नाही.

इथली कृती याच गुणावर चालते. अल्जिनेटमध्ये जिवंत सूक्ष्म हिरवं शेवाळ मिसळायचं, त्याचं पातळ पातं ओतायचं आणि कॅल्शियमनं घट्ट करायचं. हे पातं उजेडात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, अंधारात सोडतं, आणि दोन्ही गोष्टी रंगावरून दिसतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापासून बीएस्सीच्या प्रकल्पापर्यंत कुठेही चालेल.

एकच गोष्ट पक्की धरा: कॅल्शियम वेळेआधी येऊ द्यायचं नाही, आणि एकदा आलं की पळू द्यायचं नाही. बहुतेक पाती या दोनपैकी एका चुकीनं बिघडतात.

आधी पाणी, मग बाकी सगळं

बोअरचं पाणी वापरू नका. त्यातलं कॅल्शियम अल्जिनेटला भांड्यातच गाठतं आणि साबुदाण्यासारख्या गुठळ्या होतात. कितीही ढवळलं तरी त्या सुटत नाहीत, कारण ती न विरघळलेली पूड नसते, झालेली जेली असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते शेवाळाला मारतं. डिस्टिल्ड वॉटर घ्या. ते नसेल तर बॅटरीत घालायचं पाणी घ्या.

सोडियम अल्जिनेट लॅब केमिकलच्या दुकानात किंवा खाद्यपदार्थांच्या दर्जाचं मिळतं. इचलकरंजीच्या बाजूला कापड छपाईचं अल्जिनेट स्वस्तात मिळालं तर मोह होईल. रंगाची पेस्ट दाट करायला ते उत्तम, पण त्यात बऱ्याचदा कॅल्शियम बांधून ठेवणारं फॉस्फेट मिसळलेलं असतं. छपाईत कठीण पाण्यामुळे पेस्ट फाटू नये म्हणून ही सोय असते. आपल्या कामात नेमकी तीच आडवी येते आणि पातं लिबलिबीत राहतं.

लागणारं सामान असं: सोडियम अल्जिनेट ३ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड, हिरव्या शेवाळाचं दाट कल्चर (शेवाळ वाढवलेलं पाणी) अर्धा लिटर, सुई काढलेली १० मिलीची सिरिंज, काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची सपाट पाटी, २ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या (उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये अ‍ॅक्रिलिकचे तुकडे कापून मिळतील), झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली, आणि झाकणाच्या लहान काचेच्या बाटल्या.

अल्जिनेट भिजवणं

१०० मिली पाणी ५० अंशांपर्यंत कोमट करा. पाणी जोरात ढवळून भोवरा करा आणि ३ ग्रॅम पूड चिमटीचिमटीनं भोवऱ्याच्या कडेवर भुरभुरवा. सगळी पूड एकदम ओतली तर पिठल्यात बेसनाच्या होतात तशाच गाठी होतात: बाहेरून ओल्या, आतून कोरड्या. या गाठी खऱ्या अर्थानं कोरड्या असल्यामुळे रात्रभर ठेवल्या की सुटतात. बोअरच्या पाण्याच्या गाठी सुटत नाहीत. सकाळी कुठल्या उरल्या त्यावरून दोष पाण्याचा की हाताचा, ते कळतं.

मिक्सरचं चटणीचं भांडं वापरलं तर काम दोन मिनिटांत होतं, पण द्रावण फेसाळतं. काहीही करा, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवाच. बुडबुडे निघून जातात आणि द्रावण काकवीसारखं संथ वाहतं. तेवढं दाट झालं नाही तर पूड जुनी किंवा हलकी आहे. उकळू मात्र नका, कुकरलाही लावू नका. जास्त उष्णतेत अल्जिनेटच्या लांब साखळ्या तुटतात, द्रावण पातळ होतं आणि पातं ठिसूळ येतं.

कॅल्शियम क्लोराइडचं २ टक्के द्रावण एक लिटर लागेल. बाटलीवर ‘निर्जल’ लिहिलं असेल तर २० ग्रॅम घ्या. ‘डायहायड्रेट’ असेल तर २६.५ ग्रॅम, कारण वजनाचा काही भाग पाण्याचाच असतो. निर्जल पूड पाण्यात टाकली की पाणी गरम होतं. ते थंड होऊ द्या, नाहीतर शेवाळ भाजेल. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या दमट हवेत ही बाटली उघडी राहिली तर आठवड्यात खडे जाऊन चिकट पाणी उरतं. ते वाया गेलं असं नाही. फक्त वजनाचा भरवसा राहत नाही, म्हणून थोडं जास्त घाला. कॅल्शियम जास्त झाल्यानं पातं बिघडत नाही, धुवायला तेवढा वेळ जास्त लागतो.

शेवाळ कुठलं घ्यायचं

क्लोरेला किंवा सीनेडेस्मस यांपैकी एकाचं कल्चर एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून मागून घ्या. रंकाळ्याचं किंवा शेताच्या तळ्याचं हिरवं पाणी बाटलीत भरून आणणं सोपं वाटतं, पण रंग सांडल्यासारखी जी हिरवी साय पाण्यावर दिसते ती नील-हरित शैवालाची असू शकते आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात. मुलांच्या हातात ती देऊ नये. औषधाच्या दुकानातली स्पिरुलिनाची पूड तर मेलेली असते. पातं हिरवंगार दिसेल, पण रंगद्रव्याचा प्रयोग होईल, श्वासाचा नाही. जिवंत स्पिरुलिनाही टाळा. ते सोड्याच्या दाट, अल्कधर्मी पाण्यात वाढवलेलं असतं आणि आपल्या निर्देशकाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त झाल्यावर रंग बदलणाऱ्या द्रावणाचा, रंग आधीच बिघडवतं.

कल्चर वाढवायला लिटरभर पाण्यात शेतीच्या दुकानात मिळणारं १९:१९:१९ हे विद्राव्य खत अर्धा ग्रॅम पुरतं. त्यात ५० मिली कल्चर सोडा, माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावा, रोज १४ ते १६ तास ट्यूबचा उजेड द्या. दहा-बारा दिवसांत बाटलीमागं धरलेलं वर्तमानपत्र वाचता येईनासं झालं की कल्चर तयार.

आता खत काढून टाकायचं, कारण खतातलं फॉस्फेट कॅल्शियम पळवतं. अर्धा लिटर कल्चर रात्रभर न हलवता फ्रीजमध्ये ठेवा, वरचं पाणी नळीनं ओढून टाका, डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा बसू द्या. सीनेडेस्मस लवकर बसतं, क्लोरेला वेळ खातं. सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र) असेल तर मिनिटाला २००० फेऱ्यांवर दहा मिनिटं. शेवटी तळाशी सुमारे १० मिली गडद हिरवा गाळ उरला पाहिजे.

पातं ओतणं

१० मिली गाळ आणि १० मिली अल्जिनेट काचेच्या कांडीनं हळू मिसळा. मिश्रण दीड टक्क्याचं होतं. ओतण्याआधी चाचणी घ्या: सिरिंजमधून एक थेंब कॅल्शियमच्या द्रावणात टाका. दहा-बारा सेंटिमीटर वरून टाकला की गोल मणी होतो. अगदी जवळून टाकला तर शेपूट येतं, फार उंचावरून टाकला तर चपटा होतो. मिनिटभरानं चिमट्यानं उचला. बाहेर कातडी आणि आत पातळ असेल तर सगळं ठीक. दहा मिनिटांनी दुसरा मणी सुरीनं कापा. आता तो आरपार घट्ट हवा. विरघळून गेला तर फॉस्फेट उरलं आहे, गाळ पुन्हा धुवा. ही दहा मिनिटांची चाचणी न करता पूर्ण पातं ओतणारे पुढे तासभर चरफडतात.

पाटीवर दोन पट्ट्या १० सेंटिमीटर अंतरावर चिकटवा, मधे १० सेंटिमीटर लांबीचा चौकोन आखा. २ मिलिमीटर जाडीला बरोबर २० मिली मिश्रण लागतं. ते मधोमध ओता आणि पट्ट्यांवर टेकवलेल्या सरळ फुटपट्टीनं एकाच दिशेनं ओढा. मागे-पुढे केलं की लाटा उठतात.

कॅल्शियम वरून ओतू नका. धार जिथे पडते तिथे खड्डा पडतो आणि त्या क्षणी जेली झाल्यामुळे तो तसाच राहतो. फवारणीची बाटली हातभर लांब धरून बारीक तुषार मारा. चकचकीत पृष्ठभाग पहिल्या काही सेकंदांतच किंचित मंद होतो, जणू दुधावर साय धरते. बोटाच्या नखानं कोपरा हलकेच ढकलला तर सुरकुती पडते, ओघळ येत नाही. तीन मिनिटांनी पाटी सगळी द्रावणात बुडवा. पाच मिनिटांनी पातं सुरीच्या पात्यानं सोडवून उलटं करा. हे विसरलं तर वरची बाजू आधी आकसते आणि कडा पापडासारख्या वळतात. उलटल्यावर आणखी पंधरा मिनिटं.

होतं काय? अल्जिनेटच्या साखळीत ग्युल्युरॉनिक आम्लाचे नागमोडी पट्टे असतात. दोन साखळ्या समोरासमोर आल्या की त्यांच्यामधे खोबणी तयार होतात, अंड्यांच्या ट्रेसारख्या, आणि प्रत्येक खोबणीत कॅल्शियमचा एक आयन बसतो. शास्त्रज्ञांनी या रचनेला नावही ‘अंड्यांचा ट्रे’ असंच दिलं आहे. दातांचा डॉक्टर कवळीसाठी तोंडाचा साचा घेतो तो लगदाही याच जातीचा. त्यात हळू विरघळणारं कॅल्शियम सल्फेट आणि थोडं फॉस्फेट असतं; फॉस्फेट संपेपर्यंत डॉक्टरला साचा नीट बसवायला वेळ मिळतो. आपला शत्रू तिथे कामाचा माणूस आहे.

घट्ट झालेलं पातं दीड सेंटिमीटर रुंदीच्या सहा पट्ट्यांत कापा आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीन वेळा, दर वेळी पाच मिनिटं बुडवून धुवा. पट्टी पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे बुडते. उभी राहायला हवी असेल तर वरच्या टोकाला थर्मोकोलचा मणी बांधा. सरगॅसम या तपकिरी समुद्री शेवाळाच्या फांद्यांवर हवेच्या छोट्या फुग्या असतात, त्याही हेच करतात. तळाला काचेची गोटी बांधा. पितळी वॉशर किंवा तांब्याची तार नको, तांबं शेवाळाला मारतं.

श्वास मोजणं

बायकार्बोनेट निर्देशक: २० मिली अल्कोहोलमध्ये थायमॉल ब्लू ०.२ ग्रॅम आणि क्रेसॉल रेड ०.१ ग्रॅम विरघळवा. वेगळ्या पाण्यात खाण्याचा सोडा ०.८४ ग्रॅम. दोन्ही एकत्र करून एक लिटर करा. वापरताना एक भाग निर्देशक, नऊ भाग पाणी. एवढी बारीक वजनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर जमत नाहीत. लॅबचा काटा नसेल तर गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराकडे बटर पेपरच्या पुड्या घेऊन जा. बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे. तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं.

पातळ केलेल्या निर्देशकात रात्रभर पंपानं बाहेरची हवा सोडा. नारंगी-लाल झाला म्हणजे तो हवेशी जुळला. गॅसच्या शेगडीजवळ किंवा माणसांनी भरलेल्या खोलीत पंप लावला तर तो पिवळाच राहतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की पिवळा, कमी झाला की जांभळा.

प्रत्येक बाटलीत १० मिली निर्देशक आणि पट्टीचा २ सेंटिमीटर लांबीचा तुकडा. निदान चार बाटल्या हव्यात: एक उजेडात, एक फॉइल गुंडाळून, एक दिव्यापासून लांब, आणि एकीत शेवाळ न घालता ओतलेली कोरी पट्टी. ही चौथी वगळू नका. नीट न धुतलेलं कॅल्शियम सोड्याशी जुळून एकट्यानंही रंग हलवू शकतं, आणि ते कोऱ्या पट्टीतच उघडं पडतं. बाटल्या साबणानं धुऊ नका, निर्देशकानंच खंगाळा. झाकणं घट्ट, तोंडाजवळ धरून बघत बसलं तर उच्छ्वासानं पिवळ्या होतात.

पांढऱ्या एलईडी बल्बपासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवा. हॅलोजन असेल तर मधे पाण्याचं सपाट भांडं ठेवून उष्णता अडवा. दीड-दोन तासांत उजेडातली बाटली जांभळ्याकडे आणि फॉइलमधली पिवळ्याकडे झुकते. आकडा हवा असेल तर कलरिमीटरवर (रंगाची दाटी मोजणाऱ्या यंत्रावर) ५५० नॅनोमीटर. तो नसेल तर सगळ्या बाटल्या एकाच कागदावर, एकाच फोटोत. वेगवेगळ्या फोटोंतले रंग जुळवू नका, फोन प्रत्येक वेळी रंग स्वतःच्या मनानं ठरवतो.

काहीच बदललं नाही तर आधी गाळाची दाटी बघा. फिकट पोपटी पट्टीत शेवाळच कमी असतं. उजेडातली बाटलीही पिवळी झाली तर शेवाळ मरतंय किंवा जिवाणू वाढलेत, आणि वासावरून ते कळतं.

मिठाच्या पाण्यात नको

कृत्रिम समुद्री शेवाळ म्हटल्यावर पहिली हौस होते ती पट्टी खाऱ्या पाण्यात लावायची. मिठाच्या पाण्यात ती फुगते, मऊ पडते आणि शेवटी सुटते, कारण सोडियम खोबणीतल्या कॅल्शियमला ढकलून त्याची जागा घेतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सोडियम साधारण १०.८ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम ०.४ ग्रॅम. खरं शेवाळ त्यात टिकतं, कारण त्याच्या भिंतीत सेल्युलोज असतं आणि जिवंत पेशी ती भिंत रोज सांभाळतात.

फक्त प्रवाह आणि वाळू यांचा अभ्यास करायचा असेल तर अल्जिनेटची गरजच नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या पॅकिंग पट्टीची घनता ०.९ च्या आसपास असते, ती पाण्यात आपोआप उभी राहते. पन्हळीच्या अर्ध्या पाइपात वाळू पसरून तिचे तुकडे ओळीनं रोवा आणि पाणी सोडा. पट्ट्यांच्या झाडीत वेग मंदावतो आणि वाळू साठते. समुद्रतळावरच्या पाइपलाइनखालची वाळू वाहून जाऊ नये म्हणून अशाच पट्ट्यांच्या चटया अंथरतात.

आगर वापरलं तर? ते लाल शेवाळाचं, गेलिडियम आणि ग्रॅसिलेरियाचं. ते साधारण ८५ अंशांना वितळतं आणि ३२ ते ४० च्या दरम्यान गोठतं, म्हणून गरम ओतावं लागतं आणि शेवाळाला ते सोसत नाही. जिवाणू वाढवायला मात्र त्याच्यासारखं दुसरं नाही. १८८१ मध्ये फॅनी हेसे यांनी ते नवऱ्याला सुचवलं, तो जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत होता. तोवर जिलेटिन वापरत. ते उबदार कपाटात वितळायचं आणि काही जिवाणू तर ते खाऊनच टाकायचे. केळीची टिश्यू कल्चर रोपंही बरणीत अशाच आगरवर वाढतात.

अल्जिनेट स्वतः काढायचं असेल तर

करूळ किंवा आंबा घाट उतरून किनाऱ्यावर गेलात तर लाटांनी फेकलेलं सरगॅसम मिळू शकतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून काही उचलू नका. गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, भरडलेलं १० ग्रॅम शेवाळ १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवा. शेवाळात अल्जिनेट कॅल्शियमशी बांधलेलंच असतं, आम्ल ते कॅल्शियम बाहेर काढतं. ही पायरी गाळली तर पुढे काहीच सुटत नाही. धुऊन ३ टक्के धुण्याच्या सोड्याच्या ३०० मिली पाण्यात ६० अंशांवर दोन तास ठेवा. गिचका होईल, लिटरभर पाणी घालून मलमलीतून गाळा. गाळणं हेच खरं कष्टाचं काम आहे, पिळायची घाई केली की चोथा खाली येतो. गाळलेल्या पाण्यात दुप्पट स्पिरिट घातलं की कापसासारखे तपकिरी धागे वर येतात. ते पिळून सावलीत वाळवा. रंग तपकिरीच राहतो, त्यामुळे निर्देशकाच्या प्रयोगाला विकतचं बरं.

शेवाळाचं कल्चर मिळालंच नाही तर बेकरीचं कोरडं यीस्ट २ ग्रॅम १० मिली पाण्यात भिजवून, तितक्याच अल्जिनेटमध्ये मिसळून मणी पाडा आणि १० टक्के गुळाच्या पाण्यात सोडा. अर्ध्या तासात बुडबुडे धरून मणी वर-खाली नाचायला लागतात. गुळाचं पाणी अल्जिनेटमध्ये मात्र मिसळू नका. रस निवळताना घातलेल्या चुन्याचं कॅल्शियम गुळात उतरलेलं असतं.

पट्ट्या झाकून, फ्रीजमध्ये, ०.१ टक्का कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात ठेवा आणि वापरण्याआधी रात्रभर उजेडात काढा. प्रयोग संपल्यावर एक तुकडा ५ टक्के ट्रायसोडियम सायट्रेटमध्ये टाका. लिंबाचा रस चालत नाही, त्याच्या आम्लात अल्जिनेट घट्टच राहतं. सायट्रेट कॅल्शियम काढून घेतं, तुकडा विरघळतो आणि शेवाळाच्या पेशी सुट्या होतात. हिमोसायटोमीटरवर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या आखीव काचेवर) त्या मोजल्या की पातं ओतल्यापासून शेवाळ वाढलं की घटलं ते कळतं. त्यासाठी ओतण्याआधीच्या गाळाची मोजणी वहीत असायला हवी.